कागद पाहून वेग ठरवा : जलद वाचन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आपल्याकडे आता गावोगावी अभ्यासिका झाल्या आहेत. कुठे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत, कुठे समाजमंदिरात, कुठे वाचनालयाच्या मागच्या खोलीत. तिथे येणारी पोरं एक प्रश्न हमखास विचारतात, वाचनाचा वेग कसा वाढवायचा? मोबाईलवर जाहिराती पाहिलेल्या असतात : मिनिटाला हजार शब्द वाचा, आठवड्यात जाडजूड पुस्तक संपवा. मी उलट विचारतो, वाचायचं काय आहे? पोलीस भरतीचं गाईड, अनुदानाचा शासन निर्णय, फवारणीच्या औषधाचं लेबल आणि कापसाच्या भावाचा तक्ता, हे चारही कागद एकाच वेगाने वाचणारा माणूस कुठे वेळ वाया घालवतो, तर कुठे पैसा. लेबलाच्या बाबतीत तर जिवाशी खेळतो.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. दहावी-बारावीची मुलं, भरतीची तयारी करणारे आणि घरातले कागदपत्र ज्यांच्या गळ्यात पडतात असे सगळेच त्यात आले.

जाहिरातीतलं किती खरं

अमेरिकेत एव्हलिन वुड नावाच्या शिक्षिकेने १९५९ मध्ये जलद वाचनाचे वर्ग सुरू केले. पानावरून हात खाली सरकवत त्यामागे नजर न्यायची, ही त्यांची मुख्य रीत. आजचे बहुतेक कोर्स त्याच रीतीची नातवंडं आहेत. पुढे कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. वेग फार वाढवला की समज कमी होते, या दोन्हींतली देवाणघेवाण टळत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मात्र वरवर चाळून मुद्दा काढणं हे उपयोगी कसब आहे आणि ते सरावाने येतं, हेही त्यात मान्य केलं आहे. वाचक खऱ्या अर्थाने वेगवान होतो तो भाषेची आणि विषयाची ओळख वाढल्याने. म्हणून सोयाबीनवरचा लेख तुमचे वडील तुमच्यापेक्षा भरभर वाचतात, आणि क्रिकेटचं पान तुम्ही त्यांच्यापेक्षा.

साधारण वेग किती असतो? मार्क ब्रिसबर्ट यांनी २०१९ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून इंग्रजीसाठी हिशेब मांडला : मनातल्या मनात माहितीपर मजकूर वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द, मोठ्याने वाचताना १८३. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा आपला एक शब्द, त्याला इंग्रजीत दोन-तीन लागतात. त्यामुळे मराठीत शब्दांची संख्या कमी भरणारच. वर्गमित्राच्या इंग्रजी ॲपमधला आकडा पाहून हिरमुसण्याचं कारण नाही.

पहिली पायरी : वाचण्याआधी अर्धा मिनिट

कागद हातात आला की लगेच पहिल्या ओळीला लागू नका. मला यातून नेमकं काय हवं आहे, हे स्वतःला विचारा. एखादा आकडा किंवा नाव? की विषय कशाचा आहे एवढाच अंदाज? परीक्षेत हे लिहायचं आहे का? यावर सही करायची आहे का? चुकीचं वाचलं तर काय बिघडेल?

उत्तर मनात ठेवू नका, मोठ्याने बोला. सुरुवातीला विचित्र वाटेल. पण “मला फक्त शेवटची तारीख पाहिजे” असं तोंडाने म्हटल्यावर नजर आपोआप तारखांवर जाते, बाकीच्या मजकुरात अडकत नाही.

दुसरी पायरी : आपला वेग मोजा

पाठ्यपुस्तकातलं न वाचलेलं एक पान घ्या. चार-पाच ओळींतले शब्द मोजून एका ओळीची सरासरी काढा आणि ओळींच्या संख्येने गुणा. ओळीला ९ शब्द आणि पानावर २५ ओळी असल्या तर २२५ शब्द झाले. मोबाईलवर वेळ लावून नेहमीसारखं वाचा. दीड मिनिट लागला तर वेग झाला मिनिटाला १५०. मग पुस्तक मिटा आणि त्या पानातले पाच मुद्दे सांगा. तीनही सांगता आले नाहीत तर तो १५० चा आकडा फुकट, कारण ती नुसती नजर फिरली होती.

चाळिशी ओलांडली असेल आणि अलीकडे वाचन मंदावलं असेल, तर सराव नंतर, आधी डोळे तपासा. चष्म्याच्या नंबरावर जलद वाचनाचं औषध चालत नाही.

तिसरी पायरी : गिअर ओळखा

रोनाल्ड कार्व्हर या अमेरिकन संशोधकाने वाचनाचे पाच गिअर सांगितले. तिथल्या कॉलेजच्या मुलांसाठी त्याने दिलेले आकडे असे : एखादा शब्द हुडकताना मिनिटाला ६००, चाळताना ४५०, नेहमीचं समजून वाचताना ३००, शिकण्यासाठी वाचताना २००, आणि पाठ करताना १३८. आकडे विसरलात तरी चालेल, उतरंड ध्यानात ठेवा. नांगरताना ट्रॅक्टर कोणत्या गिअरमध्ये असतो आणि रिकामी ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याने कोणत्या, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाचताना मात्र आपण सगळीकडे एकच गिअर ठेवतो.

हुडकणे : एकच गोष्ट पाहिजे तेव्हा

याला स्कॅनिंग म्हणतात. यात वाक्य वाचायचंच नसतं. सरावासाठी सर्वांत चांगला कागद म्हणजे बाजार समित्यांच्या भावाचा तक्ता. त्यात बाजार समितीचं नाव, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. हिंगणघाटचा कापूस पाहायचा असेल तर आधी तारीख बघा. मग बोट नावांच्या रकान्यावरून सरळ खाली न्या आणि हिंगणघाटवर थांबून त्याच ओळीत आडवे सरका. थेट सर्वसाधारण दरावर जा. पानठेल्यावर ज्या भावाची चर्चा रंगते तो बहुधा जास्तीत जास्त दराच्या रकान्यातला असतो, आणि तो एखाद्याच गाडीला मिळालेला असू शकतो.

सातबारा हाही असाच हुडकायचा कागद आहे. गट क्रमांक, खातेदाराचं नाव, क्षेत्र, भोगवटादार वर्ग एक की दोन, आणि ‘इतर अधिकार’ या जागा ठरलेल्या आहेत. बँकेचा बोजा दिसतो तो ‘इतर अधिकार’मध्ये, म्हणून पीककर्ज फेडल्यावर बोजा उतरला का हे पाहायला पूर्ण उतारा वाचायची गरज नाही. जमीन विकत घ्यायची असेल तेव्हा मात्र हा गिअर चालणार नाही. तेव्हा एकेक फेरफार काढून सावकाश वाचावा लागतो.

शासनाच्या जिल्हावार याद्यांसाठी एक युक्ती. बहुतेक याद्या महसूल विभागांच्या क्रमाने लावलेल्या असतात. सुरुवात कोकणापासून, आणि अमरावती, नागपूर हे दोन विभाग शेवटी. आपले विदर्भातले अकराही जिल्हे तिथेच. म्हणून यादी खालून वर बघा. (विदर्भाचा नंबर शेवटी लागतो याचा एवढा तरी फायदा.)

पीडीएफमध्ये शब्द शोधायची सोय असते, ती जरूर वापरा. पण कागद स्कॅन करून टाकलेला असेल किंवा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल, तर मराठी शब्द सापडत नाही. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘कागदात नाही’ असा काढू नका, नजरेने शोधा.

चाळणे : आणि मराठीतली एक अडचण

चाळण्याची, म्हणजे स्किमिंगची, पुस्तकी रीत सांगते की शीर्षक वाचा, उपशीर्षकं वाचा, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचा आणि पुढे चला. वर्तमानपत्राला ही रीत बरोबर लागते, कारण बातमीचा गाभा पहिल्या परिच्छेदातच असतो. अभ्यासिकेत एकच अंक आणि वाचणारे दहा असले की पानं वाटली जातात. आपल्या वाट्याला आलेलं पान पाच मिनिटांत चाळून पुढच्याला द्यायचं, हा फुकटचा सराव आहे.

सरकारी मराठीला मात्र ही रीत अपुरी पडते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘नाही’ शेवटी येतं. इंग्रजी पुस्तकातून शिकलेला माणूस वाक्याची सुरुवात वाचून पुढे सरकतो आणि नेमका तिथेच फसतो. असं वाक्य धरा : “ज्या खातेदारांनी ई-पीक पाहणीमध्ये पिकाची नोंद केलेली आहे व ज्यांचे बँक खाते आधारशी संलग्न आहे अशा खातेदारांखेरीज इतर कोणासही सदर अनुदान अनुज्ञेय राहणार नाही.” पहिला अर्धा भाग चाळणाऱ्याला वाटतं की अनुदान मिळणार. ते कोणाला मिळणार नाही, हे शेपटीत आहे.

म्हणून सरकारी कागद चाळताना मी नव्या मुलांना उलटं वाचायला लावतो. लांब वाक्य दिसलं की आधी त्याचं शेवटचं क्रियापद पाहायचं : ‘देण्यात यावे’, ‘आवश्यक राहील’, ‘अनुज्ञेय राहणार नाही’, ‘रद्द करण्यात येत आहे’. मग मागे येऊन कोणाला आणि कधी ते शोधायचं. वाटेत ‘परंतु’, ‘तथापि’, ‘वगळून’, ‘खेरीज’, ‘अन्यथा’, ‘अधीन राहून’ यांपैकी काही दिसलं की थांबायचं. अटी बहुधा याच शब्दांच्या आडोशाला असतात. पेन्सिलीने त्यांना गोल करत गेलात तर दोन-तीन कागदांनंतर नजर आपोआप तिथे अडते.

शासन निर्णयाचा सांगाडा ठरलेला असतो. वर विषय, विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक. मग ‘वाचा’ या शब्दाखाली जुन्या निर्णयांची आणि पत्रांची यादी, मग ‘प्रस्तावना’, त्यानंतर ‘शासन निर्णय’ हे शीर्षक. शेवटी संकेतांक, सही, प्रतींची यादी आणि असली तर परिशिष्टं. नवखा माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि प्रस्तावनेतच दमतो. त्याऐवजी असं करा. विषय आणि दिनांक वाचा. लगेच शेवटी जाऊन परिशिष्टात आपला जिल्हा-तालुका आहे का ते हुडका. नसेल तर बहुतेक वेळा तुमचं काम तिथेच संपलं. असेल तर ‘शासन निर्णय’ या शीर्षकापासून सही पर्यंतचा भाग शेपटीकडून वाचायच्या रीतीने नीट वाचा. प्रस्तावना सोडली तरी सहसा बिघडत नाही. ‘वाचा’खालची यादी मात्र सोडू नका. नवा निर्णय जुन्यात काय बदलतो हे त्यावरून कळतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा कागद दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तेही दिनांकावरून तिथल्या तिथे उघड होतं.

अभ्यासाचं वाचन : इथे वेग पुस्तक मिटल्यावर ठरतो

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडलेली पाच टप्प्यांची रीत आजही चालते. आधी धडा चाळायचा. मग प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करायचा, म्हणजे ‘मृदेची धूप’ असं शीर्षक असेल तर ‘धूप कशाने होते, थांबते कशाने?’ मग त्या प्रश्नाचं उत्तर शोधत वाचायचं. त्यानंतर पुस्तक मिटून उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि काही दिवसांनी उजळणी.

पोरं पहिले तीन टप्पे करतात आणि चौथा खातात. खरं काम चौथ्यात आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. भरतीची परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते. पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

या टप्प्याला पुस्तकही लागत नाही आणि उजेडही. रात्री लाईन गेली की वाचन थांबतं, आठवून सांगणं थांबवायचं कारण नाही. वावरात ओलित करताना, बसची वाट पाहताना कालच्या धड्याचे मुद्दे बोलून पाहा. जिथे अडाल तेवढंच घरी येऊन वाचा. पूर्ण धडा दुसऱ्यांदा वाचण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

परीक्षेतले उतारे : थोडा हिशेब

एमपीएससी राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात ८० प्रश्न आणि २ तास असतात, आणि त्यातला मोठा वाटा उताऱ्यांवरच्या आकलनाचा. प्रश्नामागे दीड मिनिट मिळाला. पाच प्रश्नांचा उतारा असेल तर वाचन धरून साडेसात मिनिटं. उतारा ३०० शब्दांचा आणि तुमचा वेग १५० असला तर वाचायला २ मिनिटं लागतात. वेग दुप्पट केलात तरी उताऱ्यामागे वाचणार एकच मिनिट, तोही समज पातळ करून. वेळ जातो तो प्रत्येक प्रश्नाला उताऱ्यात परत शिरून, कधी तर पहिल्या ओळीपासून.

तेव्हा आधी नुसते प्रश्न वाचा, पर्याय नकोत. पर्याय आधी वाचले तर चुकीची विधानंही डोक्यात बसतात. मग उतारा नेहमीच्या समजून वाचायच्या वेगाने एकदाच, पण सलग वाचा. प्रत्येक परिच्छेद संपला की समासात दोन शब्द टाका : ‘कारणं’, ‘विरोधी मत’, ‘उपाय’. प्रश्नाला उत्तर द्यायला परत जावं लागलं तर त्या शब्दांवरून थेट त्याच परिच्छेदात जा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’ यातल्या ‘चुकीचे’खाली रेघ मारल्याशिवाय पर्यायाकडे बघायचंच नाही.

पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. तिथे उतारे कमी आणि प्रश्न आखूड. वाचनाच्या तंत्रापेक्षा गणिताचा सराव जास्त गुण देईल.

मनातला आवाज बंद करा, असं काही कोर्स शिकवतात. चाळताना किंवा हुडकताना तो आवाज तसाही मागे पडतो. पण अवघड उतारा वाचताना तोच आवाज समजायला मदत करतो, त्याच्या मागे लागू नका.

जिथे वेग मनाई आहे

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे कारणं अनेक होती, आणि लेबल वाचून सगळी टळली असती असं कोणी म्हणू नये. तरीही औषधाचा डबा उघडण्याआधी त्यावरचा कागद सर्वांत खालच्या गिअरमध्ये वाचायला हवा, आणि वाचता येणाऱ्याने तो इतरांना वाचून दाखवायला हवा.

आधी त्रिकोणाचा रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी असा गैरसमज ठेवू नका, तो फक्त सर्वांत कमी विषारी. मग पीक आणि कीड यांची नावं. तुमचं पीक यादीत नसेल तर ते औषध त्या पिकासाठी नाही. मग मात्रा. इथे सर्वांत जास्त घोळ होतो, कारण लेबलावर मात्रा बहुधा हेक्टरला दिलेली असते आणि आपण बोलतो एकरात आणि पंपात. समजा लेबल म्हणतं हेक्टरी ५०० मिली औषध, ५०० लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणून एकरी २०० मिली आणि २०० लिटर. १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. हे गणित डोक्यात न करता कागदावर करा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. शेवटी फवारणी ते तोडणी यातले दिवस, विषबाधेची लक्षणं आणि विषावरचा उतारा. ही माहिती घडीच्या पत्रकात बारीक अक्षरात असते. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा आणि तो फोटो ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टरांना तोच लागेल.

कर्जाचे कागद, खरेदीखत, हमीपत्र यांनाही हाच गिअर. समोरचा “सही करा, नेहमीचंच आहे” म्हणाला तरी कोऱ्या जागा मोजा आणि भरून घ्या.

कथा, कविता, अभंग यांना वेगाचं तंत्र लावायचं कशाला? ते ज्याला जसं रुचेल तसं वाचावं.

दुसऱ्यासाठी वाचताना

गावात वाचन बरेचदा स्वतःसाठी नसतंच. “काय लिवलं हाये यात, बाबू?” म्हणत आजी कागद पुढे करते, आणि आपण पहिल्या ओळीपासून घडाघडा वाचायला लागतो. तिला शेवटपर्यंत काही कळत नाही आणि संकोचाने ती विचारतही नाही.

यासाठी दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत स्वतः चाळा, आणि कागद कोणाचा, कशाबद्दल, काय करायला सांगतो आणि कधीपर्यंत, हे बोलीत चार वाक्यांत सांगा. मग तिच्या कामाचं एखादं-दुसरं वाक्य निवडून ते शब्दशः, सावकाश वाचा. तारीख आणि रक्कम दोनदा. तिने काय ऐकलं ते तिच्याकडून परत वदवून घ्या. तुम्हाला स्वतःलाच न कळलेला भाग असेल तर तो तसाच सांगा आणि कागद घेऊन ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे जा. अंगठा त्यानंतर.